ओळी एकेचाळीस, खाडाखोड नाही

१०

वाफेने कागद सुटतो. डिंक सुटत नाही.

२०

'अंक चौदा कुणाकडे आहे का? नसल्यास, कुणाकडे होता हे माहीत असलेलं कुणी हयात आहे का?'

३०

दातांच्या डॉक्टरांसमोर माणूस खोटं बोलत नाही. तोंड उघडंच असतं, पण बोलता येत नाही.

४०

शिक्का. सही. सहीवर पुन्हा शिक्का.

५०

हे आकडे दहा-दहाने का चालले आहेत, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. कॉम्प्युटर घरच्या टीव्हीला जोडायचे दिवस होते, तेव्हा प्रोग्रॅमच्या प्रत्येक ओळीला क्रमांक द्यावा लागे. शहाणी माणसं एक, दोन, तीन असे क्रमांक देत नसत. दहा, वीस, तीस असे देत. म्हणजे मागाहून काही विसरलंय असं लक्षात आलं, तर मध्ये घालायला जागा राहते. आयुष्यात ही सोय नाही, असं प्रोग्रॅमरकाका म्हणत. वाक्य बरं होतं, म्हणून त्यांनी ते निवृत्तीच्या भाषणासाठी राखून ठेवलं होतं. ते भाषण झालं नाही. का झालं नाही, तीच ही गोष्ट.

६०

प्रोग्रॅमरकाका म्हणजे विमा कंपनीच्या दाव्यांच्या विभागातले वरिष्ठ कारकून. कुणाच्या घरात पाणी शिरलं, कुणाच्या गाडीला गाडी घासली, की त्याच्या अर्जात काय कमी आहे हे शोधून काढायचं काम त्यांनी चौतीस वर्षं केलं होतं. प्रोग्रॅमर हा त्यांचा हुद्दा नव्हता, ती पदवी होती. एकविसाव्या वर्षी एका कॉम्प्युटर मासिकात त्यांचा प्रोग्रॅम छापून आला होता: कोणतीही तारीख द्या, त्या दिवशी कोणता वार होता ते सांगेल. ते पान बैठकीच्या खोलीत काचेच्या चौकटीत लावलेलं होतं. वर पोस्टाच्या तिकिटाएवढा फोटो, त्यात मिशी यावी की न यावी अशा विचारात असलेले काका, आणि खाली प्रोग्रॅम. त्या पानावर त्यांची नोकरी लागली. त्याच पानावर लग्न जमलं; मध्यस्थाने काकूंच्या वडिलांना सांगितलं होतं, मुलगा छापून आलेला आहे. आणि ऑफिसात प्रिंटरमध्ये कागद अडकला की चौतीस वर्षं त्यांनाच बोलावणं येई. कागद निघाला तर मंडळी म्हणत, शेवटी प्रोग्रॅमर तो प्रोग्रॅमर. नाही निघाला तर म्हणत, मशीन नवीन आहे, काकांच्या काळातलं नाही.

ते मासिक केव्हाच बंद पडलं. पण काकांना त्याची शाई अजून नाकात जाणवे. दर महिन्याच्या पाच तारखेला अंक यायचा, तो कधीच पाचला यायचा नाही, आणि पाच ते अकरा हे दिवस काका स्टॉलवाल्याला तोंड दाखवण्यात घालवत. अंक हातात आला की पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायचे. जाहिराती तर जास्तच मन लावून, कारण काकांकडे कॉम्प्युटर नव्हता. मलपृष्ठावर एका मशीनचं खऱ्या मापाचं चित्र असे. त्या चित्रातल्या कळांवर बोटं ठेवून काका टाइप करायला शिकले. वर्षभरात त्या कागदावर त्यांचा वेग चांगला झाला होता.

६५

(हे मध्ये घालायचं राहिलं. त्या अंकाच्या काकांनी अकरा प्रती घेतल्या होत्या. स्टॉलवाल्याने विचारलं, घरातलं कुणी गेलंय का, बातमी आलीय का. त्या प्रती नातेवाइकांना वाटल्या. नातेवाइकांना तेव्हा कपाटाच्या खणात अंथरायला जाडसर कागद हवाच होता.)

७०

जावई सॉफ्टवेअरमधला. सासऱ्यांच्या चौकटीकडे तो खऱ्या आदराने बघत असे, आणि नेमका हाच आदर काकांना जगात सगळ्यांत जास्त जपायचा होता. ऑफिसने काय म्हणायचं ते म्हणावं. जावयाच्या डोळ्यांत आपण लहान होता कामा नये. त्याच जावयाने एका रविवारी काकांना एक फोरम दाखवला. जुन्या मासिकांचे भक्त आता तिथे वाचतात, म्हणाला. काका बघतात तो काय, आपला अंक तीन, अंक सहा, अंक नऊ, पान न पान स्कॅन करून ठेवलेलं. सहाव्या अंकाचं मुखपृष्ठ मुळात निळं होतं की स्कॅनरने केलं, यावर दोनशे माणसं हमरीतुमरीवर आलेली. एकाने तर आपल्या अंकावर पडलेल्या चहाच्या डागाचा फोटो टाकून तोही त्याच काळातला असल्याचं लिहिलं होतं.

फोरमचा एक रिवाज होता. दर रविवारी कुणीतरी जुन्या अंकातला एक प्रोग्रॅम टाइप करायचा, छापलाय तसाच, एक स्वल्पविरामही न बदलता, आणि निकाल लिहायचा: 'चालला' किंवा 'चालला नाही'. दुसरा रिवाज असा की क्रम सोडायचा नाही. पंधरापासूनचे अंक एका सभासदाच्या माळ्यावर खोक्यात बांधून तयार होते, पण चौदा मिळेना, म्हणून खोकं उघडायचं नाही. सहा महिने गाडी तिथेच अडली होती.

चौकटीतलं पान अंक चौदाचं होतं. काकांनी चष्मा पुसला आणि लिहिलं: 'अंक चौदा आमच्याकडे आहे. पान एकतीसवरील प्रोग्रॅम प्रस्तुत लेखकाचाच होय.'

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

अर्ध्या तासात त्रेचाळीस जणांनी नमस्कार केले. काकांच्या लग्नातही एवढे झाले नव्हते. 'दाढ' या नावाने लिहिणाऱ्या एका सभासदाने लिहिलं, आपण याच शहरात राहतो, पेशाने दातांचे डॉक्टर, आणि त्या काळातलं अस्सल मशीन आपल्याकडे चालू अवस्थेत आहे. लेखकांच्या हस्ते प्रोग्रॅम चालवता आला तर आयुष्याचं सार्थक होईल. जावयाने ते वाचलं आणि काकांना न विचारता काकांच्या साहेबांना फोन लावला. चक्रं फिरली. महिनाअखेरीला काकांचा निरोप समारंभ होता. तिथे वस्तुसंग्रहालयातल्यासारखं मशीन मांडून, मोठ्या पडद्यावर, समस्त दावे विभागासमोर, काकांचा प्रोग्रॅम चालवायचा असं ठरलं. काकांना हे सगळं ठरल्यावर कळलं. त्यांनी मोठ्या मनाने संमती दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना त्यांना आठवलं की तो प्रोग्रॅम आपण कधी चालवलेलाच नाही.

८०

म्हणजे चालवला होता, पण वहीत. ज्यांच्याकडे मशीन नसे ते असंच करत. एका पानावर प्रोग्रॅम लिहायचा, दुसऱ्या पानावर पेन्सिलने आपणच मशीन व्हायचं. एक ओळ वाचायची, सांगितलंय ते करायचं, पुढच्या ओळीवर जायचं. काकांनी घरातल्या चौदा जणांच्या जन्मतारखा अशा चालवल्या होत्या. चौदाच्या चौदा वार बरोबर आले. मग स्वच्छ अक्षरात प्रत काढून मासिकाकडे पाठवली. मासिकाच्या ऑफिसातही मशीन एकच असावं आणि ते दुसऱ्या कामात असावं, कारण संपादकांनी स्वीकाराच्या पत्रात अक्षराचं फार कौतुक केलं होतं. प्रोग्रॅमबद्दल काही लिहिलं नव्हतं.

सदतीस वर्षांत ही गोष्ट काकांना कधी खटकली नव्हती. आता ती खटकली. त्यांनी ठरवलं, समारंभाआधी गुपचूप एकदा नीट तपासून घ्यायचं. चौकटीपुढे वही घेऊन उभे राहिले. तेवीस ओळी उतरवल्या आणि पानाच्या तळाशी आले. तिथे छापलं होतं: 'पुढील पान पाहा'.

पुढील पान म्हणजे त्याच कागदाची पाठ. आणि पाठ सदतीस वर्षांपूर्वी चौकटवाल्याने पुठ्ठ्यावर चिकटवली होती. इतकी वर्षं काका ज्याच्याखाली बसून पाहुण्यांना चहा पाजत होते, तो अर्धाच प्रोग्रॅम होता. एकाही पाहुण्याने उरलेला कुठे आहे असं विचारलं नव्हतं.

९०

शेजारच्या दारात निवृत्त ओव्हरसियर राहत. जगातल्या कुठल्याही दोन वस्तू एकमेकांना चिकटल्या असतील तर त्या कशा सोडवाव्यात, याबद्दल त्यांना ठाम मत असे. काकांनी त्यांना विचारलं नव्हतं. पण काका चौकट काखोटीला मारून जिन्यात दिसले आणि ओव्हरसियरांनी त्यांना घरात घेतलं. आधी म्हणाले वाफ. वाफ दिली, तर काच आतून घामाघूम झाली आणि पानाचा पुढचा भाग काचेलाच बसला. मग म्हणाले आता थंडी, उष्णतेवर थंडी हा नियम आहे. चौकट दोन तास फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवली. मग केस वाळवायचं यंत्र. मग पट्टी, अगदी हलक्या हाताने. ओव्हरसियरांचा हात आयुष्यभर सिमेंटवर चाललेला.

कागदाला दोन बाजू असतात हे काकांना ठाऊक होतं. त्या एकमेकींपासून वेगळ्या होऊ शकतात हे ठाऊक नव्हतं. कागद मधोमध, जाडीतून, उभा फाटला. पुढची बाजू काचेला, मागची पुठ्ठ्याला, आणि मागच्या बाजूवर अक्षरांऐवजी डिंकाचा पिवळा नकाशा. फोटोतलं काकांचं नाक कुठेच सापडलं नाही.

"सुटलं तर खरं," ओव्हरसियर म्हणाले.

१००

आता राहिलं सरकारी ग्रंथालय. तिथे बाइंडिंग केलेले खंड आहेत असं फोरमवर कुणीतरी लिहिलं होतं, आणि त्याखाली दुसऱ्याने लिहिलं होतं की आहेत, पण जाऊन बघा. त्या 'जाऊन बघा'चा अर्थ काकांना तिसऱ्या खेपेला कळला. पहिल्या खेपेला सभासदत्व नव्हतं. दुसऱ्या खेपेला सभासदत्व होतं, पण ते घरी नेण्याच्या पुस्तकांचं. जी पुस्तकं घरी नेता येत नाहीत त्यांचं वेगळं. तिसऱ्या खेपेला संदर्भ विभागातल्या बाईंनी अर्ज पुढे केला. बाई मऊ आवाजात, हसतमुखाने नाही म्हणत, त्यामुळे प्रत्येक नकार थोडा उशिरा लागे. झेरॉक्स नाही, खंडाचा कणा मोडतो. मोबाइलने फोटो नाही, तसं परिपत्रक आहे. हाताने उतरवून घेता येईल, मात्र पेन्सिलने, आणि हयात लेखकाचं लेखन असेल तर लेखकाचं परवानगीपत्र लागेल.

काका म्हणाले, लेखक मीच. बाई म्हणाल्या, मग तर सोपंच आहे, घ्या लिहून. काकांनी तिथल्या तिथे स्वतःला परवानगी देणारं पत्र लिहिलं, त्याखाली सही केली, आणि अर्जदार म्हणून पत्र मिळाल्याची पोच दिली. बाईंनी दोन्ही सह्या जुळवून पाहिल्या. मग खंडातला फोटो आणि समोरचे काका जुळवून पाहिले. ते मात्र जुळेनात. शेवटी ओळखपत्र, विमा कंपनीचा दाखला आणि बाईंच्या स्वतःच्या मनाचा कौल यांवर काम भागलं. दुसऱ्यांच्या अर्जात काय कमी आहे हे चौतीस वर्षं शोधणाऱ्या माणसाला आपल्या अर्जात किती काय कमी असू शकतं, हे पहिल्यांदाच दिसत होतं.

उंच खिडकीखाली बसून काकांनी एकेचाळीस ओळी उतरवल्या. उतरवता उतरवता पेन्सिलीने एकदा चालवूनही पाहिल्या, काकूंची जन्मतारीख घेऊन. गुरुवार. अगदी बरोबर. काकांचा जीव भांड्यात पडला. बाईंनी मूळ पान आणि प्रत ओळ न ओळ ताडून पाहिली, प्रतीवर शिक्का मारला आणि त्याखाली लिहिलं: 'मूळ बरहुकूम. ओळी ४१. खाडाखोड नाही.' सही केली. सही पुसट वाटली म्हणून तिच्यावर पुन्हा शिक्का मारला.

११०

काकूंना विणकामाचा नाद. पुस्तकातली सूचना वाचायची, तंतोतंत करायची, स्वतःची अक्कल मध्ये आणायची नाही, हा त्यांचा बाणा. समारंभाला तीन दिवस उरले होते. काका त्या दिवशी चौथ्यांदा वही घेऊन बसलेले पाहून काकू म्हणाल्या, आणा इकडे, मी ओळी वाचते, तुम्ही मशीन व्हा. मी वाचेन तेवढंच करायचं.

काकूंनी वाचायला सुरुवात केली. काकांनी भराभर आकडे मांडले. ओळ दोनशे दहा, एक दिवस पुढे जा. ओळ दोनशे वीस, वार एकाने वाढव. महिना संपला का पाहा. दोनशे ऐंशी, परत दोनशे दहावर जा. असं बराच वेळ चाललं. मग काकांनी पेन्सिल खाली ठेवली.

"झालं. मंगळवार."

"का थांबलात?"

"का म्हणजे? तारीख आली."

"आली, ते मलाही दिसतंय. पण आली की थांबा, असं कुठल्या ओळीत लिहिलंय? माझ्याकडे तर दोनशे ऐंशीनंतर परत दोनशे दहाच आहे. घ्या पुढे. एक दिवस पुढे जा."

काका हसले. मग हसायचे थांबले. वही ओढून घेतली.

काकू सुया उचलत म्हणाल्या, "आमच्या पुस्तकात 'बारा इंच होईपर्यंत' असं लिहिलेलं असतं. नाहीतर स्वेटरचा हात रस्त्यापर्यंत जाईल. तुमचं काय, सासूबाईंनी जेवायला हाक मारली की तुम्ही थांबत असाल."

त्या हे अगदी सहज म्हणाल्या. काकांना चौदा जन्मतारखा आठवल्या. चौदाही वेळा तारीख आली की ते आपले आपण थांबले होते. माणसाला कुठे जायचंय हे ठाऊक असतं, म्हणून तो थांबतो. मशीनला ते सांगावं लागतं. काकांनी मशीन कधी पाहिलंच नव्हतं, म्हणून त्यांना ते कळायला वाव नव्हता. तो प्रोग्रॅम तारखा मोजत जाईल. साहेबांची जन्मतारीख मागे पडेल, समारंभाचा दिवस मागे पडेल, ही इमारत पडेल, आणि तो मोजतच राहील.

१२०

पुढचे तीन दिवस काकांचंही तसंच झालं. डोक्यात एकच विचार सुरू व्हायचा, शेवटाला पोचायचा आणि परत दोनशे दहावर जायचा.

उपाय एका ओळीचा होता. दोनशे पंच्याहत्तर: तारीख आली असेल तर थांब. शहाण्या माणसांनी ठेवलेली जागा मध्ये होतीच. ओव्हरसियर म्हणाले, घाला की मग पेन्सिलने, हाय काय नाय काय. पण प्रतीवर ओळींची संख्या शिक्क्यानिशी लिहिलेली, आणि ती प्रत जावयाने आधीच फोटो काढून फोरमवर टाकलेली. आता बेचाळिसावी ओळ कुठून आणणार? शिवाय काकांच्या आत एक दावे विभागाचा कारकून बसला होता. मागाहून कागदात ओळ घालणाऱ्यांना त्याने चौतीस वर्षं पत्रं पाठवली होती.

समारंभच टाळायचा प्रयत्न झाला. काकांना ताप आला. थर्मामीटरला आला नाही. मग त्यांनी साहेबांना सुचवून पाहिलं, की एवढ्या गोष्टीत लोकांचा वेळ कशाला. साहेब म्हणाले, हाच तर तुमचा साधेपणा. कार्यक्रमपत्रिकेत त्यांनी 'प्रोग्रॅमचे प्रात्यक्षिक' हा भाग वाढवून दहा मिनिटांचा वीस मिनिटांचा केला.

१३०

डॉक्टर एकटेच आले. मशीन त्यांनी रजईत गुंडाळून आणलं होतं. पन्नाशीला टेकलेला, शांत, सारखे हात पुसणारा माणूस. काकांना वाकून नमस्कार केला. मग कळा एकेक बोटाने दाबत प्रत टाइप करायला बसले. ते वाचत नव्हते. दात मोजावेत तशी अक्षरं मोजत होते. एक ओळ झाली की मागे वळून पहिल्या अक्षरापासून पुन्हा ताडून पाहत. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटत गेली. दावे विभागाने चहा घेतला. जावई डॉक्टरांच्या मागे उभा राहून वाचत होता. दोनशे ऐंशीपाशी त्याची भुवई वर गेली. त्याने काकांकडे पाहिलं. काकांनी छताकडे पाहिलं.

साहेबांनी आपली जन्मतारीख सांगितली. डॉक्टरांनी ती दिली. पडद्यावर आलं: 'मोजणी चालू आहे'.

पहिली पाच मिनिटं कुणाला काही वाटलं नाही. जुनं मशीन, वेळ लागायचाच. सातव्या मिनिटाला कुणीतरी म्हणालं की साहेबांचं वय बघता जास्तच मोजावं लागतंय. सगळे हसले, साहेब हसले, आणि सगळे हसले म्हणून काकाही हसले. दहाव्या मिनिटाला खुर्च्यांच्या मागच्या रांगेत फोन उजळले. काकूंनी पर्समधून सुया काढल्या. जावई पुढे झाला आणि मोठ्याने म्हणाला, या मशीनना तापायला फार वेळ लागतो, कधी कधी अर्धा तासही. हे खोटं होतं. तो ते काकांसाठी बोलत होता, आणि काकांना ते समजलं. आता काकांनी फक्त मान हलवायची होती. मशीन जुनं, टाळ्या, पुष्पगुच्छ, घर. झाकली मूठ तशीच राहिली असती.

पण डॉक्टर उठून उभे राहिले होते. कपाळावर घाम होता.

"माफ करा," ते सगळ्यांना उद्देशून म्हणाले, "मशीनचा दोष नाही. मीच कुठेतरी चुकीचं टाइप केलंय. माझं असंच होतं. मी परत पहिल्यापासून करतो." आणि त्यांनी सगळं पुसायला हात पुढे केला.

काकांनी तो हात धरला. का, ते त्यांना नंतरही नीट सांगता आलं नाही. भाषणाचा कागद खिशात होता, तो त्यांनी बाहेर काढला नाही.

"तुमचं काही चुकलेलं नाही. हा थांबणार नाही. थांब असं मी त्याला सांगितलेलंच नाही. मी हा कधी चालवला नव्हता. माझ्याकडे मशीनच नव्हतं."

साहेब पुष्पगुच्छाकडे बघत होते, देऊ की नको अशा नजरेने. काकांनी जावयाकडे बघायचं टाळलं.

डॉक्टर खाली बसले. प्रत उचलली आणि पहिल्यांदाच अक्षरं सोडून ओळी वाचल्या. दोनशे साठ. दोनशे सत्तर. दोनशे ऐंशी. दोनशे नव्वद. मग चष्मा काढून पुसला.

"मी बारा वर्षांचा होतो," ते म्हणाले. "हा मी चार वेळा टाइप केला. सुट्टीचे चारही दिवस. टीव्ही एकच होता, तो मी अडवलेला. आजीचा जन्मवार बघायचा म्हणून सगळं घर पुढ्यात बसलेलं. आलाच नाही. वडील म्हणाले, तुला साधं बघून लिहिता येत नाही. मलाही तसंच वाटलं. म्हणून या लाइनला गेलो नाही."

त्यांनी दोनशे ऐंशीच्या ओळीवर बोट ठेवलं.

"तुमची पोस्ट वाचल्यापासून झोप नाही मला. आज मी बघायला आलो होतो, की माझं काय चुकलं होतं ते."

काकांनी माफी मागायची तर ती सदतीस वर्षांची मागायला हवी होती, आणि तेवढा मोठा शब्द सापडेना. मग जावई पुढे आला. त्याने प्रत डॉक्टरांच्या हातातून घेतली, काकांच्या हातात दिली, आणि कळफलक त्यांच्या पुढ्यात सरकवला.

"बाबा, दोनशे पंच्याहत्तर रिकामी आहे," तो म्हणाला. "फोरमचा निकाल लागला. आता आपल्या घरचं चालवू."

त्याने बाबा म्हटलं होतं, आणि आवाज रोजचाच होता. काकांनी तो आवाज दोनदा मनात तपासून पाहिला. मग खऱ्या मशीनच्या खऱ्या कळांवर आयुष्यात पहिल्यांदा बोटं ठेवली. कळा खाली जात होत्या. चित्रातल्या जात नसत, त्यामुळे काकांना सवय नव्हती. ओळ टाइप करायला त्यांना चार मिनिटं लागली. काकू मागून म्हणाल्या, सावकाश करा, स्वेटर कुठे पळून जात नाही.

तारीख कुणाची द्यायची, यावर साहेब घसा खाकरणार होते. पण डॉक्टरांनी आजीची दिली.

थोड्या वेळाने पडद्यावर शुक्रवार आलं आणि मोजणी थांबली.

१४०

त्या रविवारी फोरमवर निकाल लागला. लिहिणारे 'दाढ'.

'अंक चौदा, पान एकतीस. चालला नाही. टाइप करणाऱ्याची चूक नाही.'

१५

पुढच्याच महिन्याच्या, पंधराव्या अंकात, पत्रांच्या पानाच्या तळाशी, चौकटीत चूकदुरुस्ती छापून आली होती: दोनशे सत्तरनंतर एक ओळ घालावी. त्या महिन्यात काका आपलाच अंक लोकांना दाखवत फिरत होते, आणि डॉक्टरांच्या घरी मासिक बंद झालं होतं.